सुलोच्या बंदुकीला केशरी रंग

९ सप्टेंबर

आज माझ्या मोठ्या भावाची, सुलोची बंदूक घरी आणली. लोरेन नाही म्हणणार असं धरूनच गेलो होतो, वाटेत गाडीत दोन-चार उत्तरं पाठही केली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच कपाट उघडून बंदूक माझ्या हातात दिली. वर तळघरातली सगळी काडतुसं, हरीण सोलायचे दोन सुरे आणि सुलोची जुनी छऱ्याची बंदूकही आणून दिली. छऱ्याची मला रंगवायची नाही म्हटलं, तर म्हणाली, असू दे तुझ्याकडे, तुझ्या घरात जागा आहे. माझ्या भावाची बायको इतकी समंजस असेल असं मला एवढ्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

हा उद्योग कशासाठी, ते लिहून ठेवतो. गेल्या नोव्हेंबरात सुलोने जंगलात बंदूक झाडाला टेकवली, आडोशाला गेला, आणि परत आल्यावर त्याला ती सापडेना. पानापानांची नक्षी असलेला प्लास्टिकचा दस्ता आहे तो. हरणाला दिसू नये म्हणून बनवलेला, सुलोलाही दिसला नाही. आम्ही दोघे म्हातारे अंधार पडेपर्यंत झाडं चाचपत फिरलो. दुसऱ्या दिवशी बर्फातून तिचा कोपरा वर दिसला तेव्हा कुठे मिळाली. घरी पोचलो तर लोरेनने जाहीर केलं, कॅम्प बंद, सुलो आता शिकारीला जाणार नाही.

माझं म्हणणं साधं आहे. माणूस वस्तू विसरत असेल तर वस्तू दिसेल अशी करावी. चांगला भडक केशरी रंग मारला की झालं, शंभर पावलांवरून दिसेल. यात डॉक्टरला काय विचारायचं? डॉक्टरने घरात बंदूक ठेवू नका असंही काहीतरी सांगितलंय म्हणे. ते सगळ्यांनाच सांगत असतील.

पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. कॅम्पवर, जंगलातल्या आमच्या शिकारीच्या झोपडीत, पूर्वी आम्ही सहा जण असायचो. आता सुलो आणि मी. तो आला नाही तर मी एकटा त्या शेगडीसमोर बसणार, आणि ते मला जमायचं नाही. हे कोणाजवळ बोलण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिलं.

१२ सप्टेंबर

विलीच्या हार्डवेअरच्या दुकानात केशरी स्प्रेचे डबेच डबे. सगळ्यात स्वस्त होता तो उचलला. रंग तो रंग. मी आयुष्यभर कौंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला, उन्हाळ्यात रस्त्याकडेचे खांब रंगवले, मला कोणी रंग शिकवायची गरज नाही. दस्ता खोलला, गॅरेजात तारेने टांगला आणि मारला. काय देखणा दिसतोय!

१३ सप्टेंबर

सोलला. नख लावलं तर अख्खा पापुद्रा हातात आला, उन्हात भाजलेल्या पाठीची कातडी निघते तसा. खाली प्लास्टिक होतं तसं तुळतुळीत.

विली म्हणाला, तो रंग लाकडाला चालतो, लोखंडाला चालतो, प्लास्टिकला धरत नाही. काल हे सांगायला तोंड शिवलं होतं का, म्हटलं. तर म्हणतो, तू विचारलंस कुठे? खरंच विचारलं नव्हतं. शिवाय दस्त्यावर वर्षानुवर्षांच्या बंदुकीच्या तेलाचा थर. आता भांड्याच्या साबणाने घासा, स्पिरिटने पुसा, पॉलिश पेपरने खरखरीत करा, मग रंगाचं नाव काढा.

लोरेनला फोन केला. वैतागेल असं वाटलं होतं. उलट म्हणाली, नीट कर, घाई कशाला करतोस.

२१ सप्टेंबर

प्लास्टिकचा खास रंग मिळतो. तो मारला आणि या वेळी बसला. नखाने निघेना, किल्लीने निघेना. खुशीत बंदूक बरोबर घेऊन कॅम्पवर गेलो, छपराचं कामही होतंच. तिथे डासांनी फोडून काढलं. हाताला, मानेला डासांचं औषध चोळलं आणि बंदूक उचलली. खाली ठेवायला गेलो तर हाताला चिकटली. तळवा केशरी, आणि दस्त्यावर माझी पाची बोटं उठलेली.

डासांचं ते औषध रंग विरघळवतं. इथल्या जंगलात जन्म घालवला आणि हे मला माहीत नव्हतं. नोव्हेंबरात डास नसतात, तेव्हा तसं चालून गेलं असतं. पण सुलोच्या कोटाच्या खिशात ती बाटली बारा महिने असते, आणि हल्ली तो कशाला काय लावेल याचा नेम नाही. लोरेन सांगत होती, गेल्या आठवड्यात त्याने दाढीला टूथपेस्ट लावली. मी म्हटलं, घाईत होतं माणसाचं असं. ती म्हणाली, हो, होतं.

पुन्हा सगळा खरवडला.

२ ऑक्टोबर

लोरेनला औषधं आणायला जायचं होतं, म्हणून सुलोला माझ्याकडे सोडून गेली. तो गॅरेजात बादली उपडी घालून बसला आणि मी दस्ता घासत राहिलो. मजा आली. मध्येच मला वाइनो म्हणाला. वाइनो आमचा मधला भाऊ, जाऊन बरीच वर्षं झाली. मी दुरुस्त करायला गेलो नाही. सुलोचा जीव वाइनोवर होता, माझ्यावर जरा कमी, तेव्हा वाइनो म्हणवून घ्यायला माझं काय जातंय?

टांगलेल्या दस्त्याकडे बघून त्याने विचारलं, "हे काय आहे?"

"तुझी बंदूक. केशरी करतोय."

"केशरी कशाला?"

"तुला सापडावी म्हणून."

तो हसला. म्हणाला, "माझं काय हरवलंय?"

मी म्हटलं, काही नाही.

मी कॉफी ठेवायला आत गेलो, बाहेर येतो तर बादली रिकामी. रस्त्यावर गाठला त्याला, कॅम्पच्या दिशेने चालला होता. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. कुठे चाललास विचारलं तर म्हणाला, आबांनी बोलावलंय. पाय मोकळे करायला निघाला असेल. दिवसभर घरात कोंडून ठेवल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. लोरेन आल्यावर तिला काही बोललो नाही, उगीच घाबरली असती.

१० ऑक्टोबर

सुरकुत्या पडल्या. डब्यावर लिहिलेलं असतं, दुसरा हात तासाभरात मारा, नाहीतर दोन दिवस थांबा. मी रात्रभर वाळवून सकाळी मारला. दुधावरच्या सायीसारखा सगळा रंग गोळा झाला. मी गॅरेजात उभा राहून दहा मिनिटं शिव्या दिल्या, स्वतःलाच. पंधरा नोव्हेंबर जवळ येतोय.

लोरेनला सांगितलं तर म्हणते, ठीक आहे रे, पुन्हा कर. इतकी कधी गोड बोलत नव्हती ती माझ्याशी. लग्नात माझं नाव पाहुण्यांच्या यादीतून काढा म्हणाली होती.

१७ ऑक्टोबर

जमला. डब्यावरचं चष्मा लावून वाचलं, सांगितलं तसं केलं, आणि जमला. दस्ता कागदात गुंडाळून थेट लोरेनकडे नेला.

ती तो खूप वेळ हातात धरून बसली. मग खिडकीपाशी नेला, आणला, परत नेला. म्हणाली, जरा लालसर वाटतो. तिन्हीसांजेला तपकिरी दिसेल, सुलोला पुन्हा दिसणार नाही. तुझ्या बर्फाच्या ट्रकसारखा पिवळट केशरी हवा. मी तिन्हीसांजेपर्यंत थांबून अंगणात धरून पाहिला. मला तर भडक केशरी दिसला. पण रंगातलं बायकांना जास्त कळतं म्हणतात, शिवाय ती एवढं मनावर घेतेय, तर मी कशाला मोडता घालू?

तिने कॉफी आणि वेलदोड्याचा पाव दिला.  विचारत होती की नव्याने करायला किती दिवस जातील. थंडी पडलीय, जरा जास्तच लागतील म्हटलं. तिने विचारलं, पंधरा तारखेच्या पुढे जाईल का? मी म्हटलं, छे, काळजीच करू नकोस, काही झालं तरी त्याआधी तयार करून आणतो. तिला धीर देऊन निघालो.

२८ ऑक्टोबर

पहिला बर्फ पडला. मी शेजारच्या गावातल्या गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजात गेलो. खरं तर पहिल्या दिवशीच जायला हवं होतं. प्लास्टिकच्या बंपरवर मारतात तसला आधी एक पारदर्शक हात, त्याने रंग धरतो. त्यावर दोन भागांचा रंग, एकाच डब्यात. डब्याच्या बुडाचं बटण दाबलं की आतलं कडक करणारं रसायन रंगात मिसळतं, आणि मग तो डबा एक-दोन दिवसांतच संपवावा लागतो, नाहीतर आतल्या आत दगड होतो. वाफ विषारी, तोंडाला मास्क बांधायचा. महाग आहे. पण आधीचे स्वस्त डबे धरले तर त्यांत असे दोन आले असते. ती बेरीज मी करणार नाही.

आणि रंग नेमका माझ्या ट्रकचा! झाकण बघून मला दुकानातच भरून आलं. म्हातारा झालोय.

३१ ऑक्टोबर

गॅरेज बर्फासारखं गार, तिथे हा रंग वाळला नसता. रंग गॅरेजातच मारला, दारं उघडी टाकून, मास्क लावून. वास उडाल्यावर दस्ता सौनात, आमच्या वाफेच्या न्हाणीघरात टांगला आणि शेगडी मंद पेटवली. जास्त तापलं तर प्लास्टिक वाकडं होईल, म्हणून दर थोड्या वेळाने आत जाऊन हात लावून बघत होतो. आई असती तर तिने मला त्याच शेगडीत घातलं असतं. सौनात मोठ्याने बोलूही द्यायची नाही ती. चर्चमध्ये बसतोस तसा बस, म्हणायची. आम्ही तिन्ही भाऊ तिथे जन्मलो, आबांना तिथेच शेवटची आंघोळ घातली, आणि मी तिथे बंदुकीचा दस्ता वाळवतोय.

खूप वेळ आत बसून राहिलो. तो केशरी दस्ता टांगलेला, शेगडी धुमसतेय, आणि मला एकदम वाटलं की याने काहीही होणार नाहीये. का वाटलं ते कळलं नाही. भूक लागली असेल.

३ नोव्हेंबर

दगड झालाय दगड. नख, किल्ली, नाणं, पेट्रोल, डासांचं औषध, सगळं करून पाहिलं. ओरखडा नाही. हा रंग मी मेल्यावरही राहील.

मारला त्याच्या दुसऱ्या दिवशी डब्यात थोडा उरला होता आणि तो वायाच जाणार होता. म्हणून चापाभोवतीची प्लास्टिकची कडी रंगवली, आणि नळीच्या टोकालाही चांगला चार बोटं रुंद पट्टा मारला. बर्फात उलटी पडली तरी दिसेल. हे सुचल्याबद्दल माझी मीच पाठ थोपटली.

८ नोव्हेंबर

लोरेनला फोन करून सांगितलं, तयार आहे, आणि झकास झालीय.   बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी जाऊन आलो. सुलो झोपला होता. तिच्या मनगटावर काळंनिळं दिसलं. दार लागलं म्हणाली. सकाळी सुलोने तिला ओळखलं नाही, ही परकी बाई माझ्या स्वयंपाकघरात काय करतेय म्हणून विचारत होता, आणि मग दार लागलं. त्यांच्याकडची दारं खरंच बिघडलीत, एकदा बघायला हवीत.

मी म्हटलं, कॅम्पवर चार दिवस राहिला की ताळ्यावर येईल. तिथलं सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं आहे. ती भांडी घासायला उठली.

१४ नोव्हेंबर

जे झालं ते लिहून टाकतो.

दुपारी बंदूक घेऊन गेलो. निघण्याआधी बोल्ट ओढून आत बघितलं होतं, बोट घालूनही बघितलं होतं. रिकामी होती. लोरेन आमच्याकडे पाठ करून मटण-बटाट्याच्या करंजीसारख्या पास्ट्या भरत होती. दरवर्षी कॅम्पसाठी ती त्या करून देते. म्हणजे राजी झाली, असं मी समजलो. सुलो खुर्चीत बसला होता, अंगात शिकारीचा केशरी कोट. मी बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली.

त्याचा चेहरा असा उजळला की कित्येक महिन्यांत मी तसा पाहिला नव्हता. दस्त्यावरून हात फिरवला, टोकाच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, जिंकलो.

तो म्हणाला, "कुणाच्या पोराचं रे हे? झकास खेळणं आहे."

आणि उचलून खांद्याला लावली. डोकं विसरलं असेल, खांदा विसरला नव्हता. गाल बरोबर जागेवर, कोपर बरोबर जागेवर. नळी लोरेनच्या पाठीवर रोखली आणि चाप ओढला. खट् झालं. तोंडाने ठो म्हणाला आणि पोटभर हसला. मग तशीच वळवून माझ्या तोंडावर धरली आणि पुन्हा ठो.

दुकानातल्या खेळण्यातल्या बंदुकांना टोकाला केशरी रंग असतो. पोलिसाने खरी समजून गोळी घालू नये म्हणून. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. मी दोन महिने खपून खऱ्या बंदुकीचं खेळणं केलं आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. आणि हा तोच सुलो, ज्याने लहानपणी माझी रिकामी बंदूक चुकून त्याच्याकडे फिरली म्हणून मला कानफटात मारली होती, आठवडाभर कान वाजत होता माझा.

 लोरेन वळली. हाताला पीठ. तिने आधी नळीचं टोक पाहिलं, मग सुलोजवळ जाऊन, मला बघू दे ना, असं लाडाने म्हणत बंदूक काढून घेतली. लहान मुलाच्या हातून घेतात तशी. ती माझ्या हातात देताना म्हणाली,

"आर्नी, मला वाटत होतं तुला कळलंय. तू मुद्दामच रंग बिघडवतोयस, वेळ काढायला. मी मनातल्या मनात तुझे आभार मानत होते रे."

 मी दर वेळी जीव तोडून रंगवली होती. तिच्या मनगटाकडे बघितलं आणि तेव्हा मला ते दारही कळलं.

बंदूक शेरिफच्या कचेरीत देऊन आलो. तिथल्या पोराने विचारलं, आजोबा, हा रंग कोणी मारला, फार मस्त बसलाय. मी तसाच बाहेर पडलो.

१५ नोव्हेंबर

उजाडल्यापासून जंगलात बार ऐकू येताहेत. घरात बसवेना. कॅम्पवर एकट्याने जायची हिंमत नव्हती, म्हणून सुलोकडे गेलो.

तो कोट, टोपी, बूट चढवून खिडकीत तयार बसला होता. तारीख त्याला कोणी सांगितली देव जाणे. बारच्या आवाजाने कळलं असेल. मला बघून म्हणाला, वाइनो, बंदूक कुठाय माझी?

मी म्हटलं, रंगवायला काढलीय, अजून ओली आहे. म्हणाला, मग थांबू. लोरेन ओट्यापाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

कॅम्पच्या पास्ट्या आम्ही तिथेच स्वयंपाकघरात बसून खाल्ल्या. त्याने बूट काढले नाहीत. लांब कुठे बार झाला की तो मान वर करायचा आणि तेच विचारायचा, आणि मी तेच सांगायचो. चिडला नाही. थंडीत वाळायला वेळ लागतो, म्हणाला, ओल्यावर हात लावू नये. दिवसभर मी इतका रडका चेहरा करून बसलो होतो की लोरेननेच मला दोनदा कॉफी दिली.

अंधारून आलं तेव्हा बार थांबले. सुलोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याचा हात अजून जड आहे, पूर्वीसारखाच.

"वाइनो," तो म्हणाला, "आर्नीला निरोप दिलास का? तो आल्याशिवाय निघायचं नाही हं. लहान आहे, मागे राहिला की रडतो."

मी म्हटलं, दिलाय. येतोय तो.